भांग नाय आज

“भांग नाय आज,” म्हातारी म्हणाली. “भांगावर येवा, मंग चालत जावा.”

बिपिन असा हसला की त्याच्या मांडीला टेकलेली सायकल वाळूत आडवी झाली. “ऐकलं का? आजी म्हणतेय, भांग घेऊन या आणि मग चालत जा. भांग घेतल्यावर चालत कोण जातं? उडत जाऊ.”

मृण्मयी तोंडावर हात धरून हसत होती. कौस्तुभनं फोन काढला आणि आजी, परत एकदा म्हणा ना, म्हणून तिच्यासमोर धरला. म्हातारीनं फोनकडं पाहिलं, मग कौस्तुभकडं पाहिलं. घोटाभर पाण्यात खडकांवर वाकून ती कालवं काढत होती. लुगडं मांड्यांना घट्ट कासलेलं, हातात छोटी लोखंडी कोयती, बोटांवर जुन्या कापल्याच्या पांढऱ्या रेघा. तिनं त्या कोयतीनंच खाडीच्या तोंडाकडं खूण केली. मग आमच्या चौघांच्या तोंडाकडं एकेक करून बघितलं. सगळ्यात शेवटी माझ्याकडं.

“कल्ला का?”

“कळलं, मावशी,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि परत खडकाला भिडली.

मग मीही हसलो. चौघांत सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सांगताना मी स्वतःला कुठंतरी सोडवून घेईन.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. डिसेंबर महिना होता. पुण्याहून गाडीत सायकली टाकून आम्ही अलिबागला आलो होतो आणि तिथून किनाऱ्या-किनाऱ्यानं खाली रत्नागिरीपर्यंत जायचं ठरलं होतं. कौस्तुभ साठ्ये आमचा म्होरक्या. कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या जागेवर, अंगात चरबी शोधून सापडायची नाही. मृण्मयी देवल दातांची डॉक्टर. बिपिन सीए, नव्वद किलो, चढ आला की देवाचं नाव आणि उतार आला की शिव्या. आणि मी. मी त्यांच्या सायकली दुरुस्त करायचो. कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत एका दुकानात मेकॅनिक होतो, बारावी नापास.

ते मला मित्र म्हणायचे. खोटं नव्हतं ते. मला डेंग्यू झाला तेव्हा कौस्तुभ दोन रात्री दवाखान्यात बाकड्यावर झोपला होता. वाचायची सवय मला मृण्मयीनं लावली. फक्त वाटेत कुणाची चेन तुटली की तिघंही सावलीत बसायचे आणि मी उन्हात बसायचो. त्याचंही कुणाला काही वाटायचं नाही. मलाही नाही.

माझं आडनाव पाटील. पुण्यात आल्यावर पहिल्या आठवड्यात दुकानाच्या मालकानं विचारलं, कुठले पाटील? या प्रश्नाचा अर्थ ज्याला हा प्रश्न विचारला जातो त्यालाच कळतो. विचारणारा गाव विचारत नसतो. मी म्हणालो, साताऱ्याकडचे. मालकाचा चेहरा सैल झाला आणि त्यानं चहा मागवला. तेव्हापासून दुकानात मी सातारकर होतो आणि या तिघांत साताऱ्या.

पहिल्या दिवशी दुपारी तिघं समुद्रात पोहायला उतरले. मी कपड्यांजवळ बसून राहिलो. मला पोहता येत नाही असं मी सांगितलं होतं. माण-खटावच्या माणसाला पाणी बघायला मिळतं हेच खूप, असं बिपिन म्हणाला, आणि मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी रस्ता एका कोळीवाड्यातून जात होता. दोन्ही बाजूंना बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले, खाली बायका जवळा पसरत बसलेल्या. बिपिनला उमासा आला. त्यानं गळ्यातला रुमाल नाकावर ओढला आणि रुमालातूनच म्हणाला, इथं माणसं राहतात तरी कशी? कौस्तुभनं आणि मृण्मयीनंही रुमाल वर घेतले. मी माझा डोळ्यांपर्यंत ओढला, मान खाली घातली आणि जीव खाऊन पायडल मारलं. एरवी मी सगळ्यांच्या मागं असायचो, कुणाचं काही मोडलं तर हाताशी असावं म्हणून. त्या वाडीतून मी पहिला बाहेर पडलो. बिपिन नंतर म्हणाला, साताऱ्याला वास आपल्यापेक्षा जास्त लागला.

त्या संध्याकाळी डोंगरामागून चंद्र वर आला. पुनव होती. पितळी परातीसारखा तांबूस चंद्र, आणि तिघंही त्याचे फोटो काढत वाळूत पळत होते. मी तो बघितला आणि माझं जेवण गेलं. मृण्मयीनं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, पोटात दुखतंय.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला आम्ही कुंभळ्याच्या खाडीवर उभे होतो.

पूर्वी तिथं माणसं पलीकडं न्यायला होडी होती. ती बंद पडली होती. रस्त्यानं जायचं तर मागं फिरून पुलावरून अडतीस किलोमीटरचा वळसा, वर एक घाट. कौस्तुभच्या हँडलला प्लॅस्टिकच्या पाकिटात छापील कागद लावलेला असायचा, त्यावर प्रत्येक दिवसाची मिनिटांसकट मांडणी. त्या दिवसाच्या दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं : साडेनऊ, खाडी पायी पार. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं की तो मागच्या वर्षी बरोबर साडेनऊला गुडघाभर पाण्यातून सायकल खांद्यावर टाकून गेला. म्हणजे खाडी साडेनऊला ओलांडता येते. घाट साताला उघडतो, हॉटेल आठला उघडतं, खाडी साडेनऊला उघडते. आम्ही तर पाऊण तास आधीच आलो होतो.

मी म्हणालो, रस्त्यानं जाऊ. घाट फार मोठा नाही.

कौस्तुभ बुटांच्या नाड्या सोडत होता. “घाबरलास का, साताऱ्या?”

“मला पोहता येत नाही.”

“गुडघाभर पाण्यात पोहायचं कशाला? माझा हात धर.”

बिपिन म्हणाला की घाटापेक्षा त्याला बुडणं परवडेल. मृण्मयीनं बूट काढून गळ्यात अडकवले. माझ्याकडं आणखी एक वाक्य होतं. ते बोललो असतो तर तिघंही बूट परत घालून मुकाट्यानं मागं फिरले असते. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं, तिथं थोडं थांबलं आणि मी ते गिळलं. मी सायकल खांद्यावर घेतली.

पहिला ओघ खरंच गुडघाभर होता. पाणी स्वच्छ, खाली वाळूच्या बारीक लाटा दिसत होत्या. कौस्तुभ पुढं, मग मृण्मयी, मग बिपिन, मागं मी. खाडीच्या मधोमध वाळूचा लांब दांडा उघडा होता, एखाद्या जनावराची पाठ वर यावी तसा. त्यावर चढल्यावर बिपिननं सायकल टाकली, दोन्ही हात वर केले आणि भांग न घेता आलो, म्हणून ओरडला. तिघांनी फोटो काढले. मी खाली बघत होतो. वाळूत कुर्ल्यांची भोकं होती, आणि भोकं एकेक करून बुडबुडे सोडत होती. पाण्यावर नारळाची एक सोडण तरंगत होती. ती समुद्राकडून आत चालली होती. सावकाश नाही, माणूस कामाला निघाल्यासारखी.

“लवकर चला,” मी म्हणालो.

दांड्याच्या पलीकडचा ओघ पहिल्यापेक्षा अरुंद होता, म्हणून सगळ्यांना तो सोपा वाटला. कौस्तुभ उतरला. चार पावलांत मांड्या, सहाव्या पावलाला कंबर. सातवं पाऊल त्यानं टाकलं आणि पाणी त्याच्या छातीवर आलं, सायकल डोक्यावर धरलेली, आणि तो उभ्या उभ्या डावीकडं सरकला, कुणी खांद्याला धरून सरकवावं तसा. तो वळला. परत येताना त्याचा चेहरा मला दिसला. चार वर्षांत तसा मी तो पाहिला नव्हता. दांड्यावर येऊन तो म्हणाला, इथं जरा खोल आहे, परत जाऊ, रस्त्यानंच जाऊ.

आम्ही मागं वळलो. ज्या ओघातून दहा मिनिटांपूर्वी चालत आलो होतो तिथं खालची वाळू दिसत नव्हती. पाणी मातकट झालं होतं आणि धावत होतं. कौस्तुभनं पाय घातला, कमरेपर्यंत गेला, पडला, उठला, परत आला. प्लॅस्टिकच्या पाकिटातला कागद तेवढा त्याच्या हँडलवर फडफडत होता.

मृण्मयीनं हेल्मेट पाण्याच्या कडेला ठेवलं होतं. ते हललं, गोल फिरलं आणि निघून गेलं. आम्ही चौघं त्याच्याकडं बघत राहिलो. ते दिसेनासं होईपर्यंत दांडा निम्मा झाला होता.

बिपिनला पोहता येत होतं ते तरणतलावात, कडा धरून. तो खाली बसला आणि मला आईला फोन लावायचाय, म्हणायला लागला. फोनला रेंज नव्हती. कौस्तुभ सायकली एकावर एक रचायला लागला, त्यावर उभं राहता येईल म्हणून. मी त्याला मदत केली. त्याचा उपयोग नव्हता, पण हातांना काम हवं होतं. पाणी अजून तीन-साडेतीन तास चढणार होतं आणि जिथं आम्ही उभे होतो तिथं दोन पुरुष पाणी होणार होतं. हे मला माहीत होतं. त्या तिघांना ते माहीत नव्हतं, म्हणून ते नुसते घाबरले होते. मला घाम फुटला होता, डिसेंबरात, ओल्या अंगावर.

मृण्मयीनं माझा दंड धरला. तिचे दात वाजत होते. “ती म्हातारी भांग म्हणाली ना. काय म्हणाली असेल रे ती?”

“काय माहीत,” मी म्हणालो.

पुनवेला आणि अवसेला पाणी मोठं चढतं, ते उधाण. आठम-नवमीला पाण्याला जोर नसतो, तो भांग. भांगाच्या दिवसांत सकाळी खाडी चालत ओलांडता येते, पुनवेनंतर येत नाही, कारण त्या दिवसांत ओहोटी पहाटेच संपलेली असते. आमच्याकडं हे पाच वर्षांच्या पोराला कळतं. मला पाचव्या वर्षी कळत होतं.

तिघं ओरडायला लागले. मावशी, आजी, हेल्प, वाचवा, जे तोंडाला येईल ते. सकाळचा वारा जमिनीकडून समुद्राकडं जातो. त्यांचे आवाज त्यांच्या तोंडातून निघून मागं समुद्रात जाऊन पडत होते. म्हातारी आमच्याकडं पाठ करून उभी होती. खडक पाण्याखाली गेल्यावर कालवं निघत नाहीत, तिचं काम संपलं होतं. तिनं टोपली उचलून कमरेला लावली. ती गेली की त्या किनाऱ्यावर दुसरं माणूस नव्हतं.

समुद्रावर माणूस माणसाला हाक मारतो ती शब्दांची नसते. शब्द वाऱ्यात तुटतात. तिला कुकारा म्हणतात. पोटातून काढायची, वर न्यायची, वरच्या वर धरून ठेवायची आणि शेवटी मोडायची. प्रत्येक वाडीची मोडायची तऱ्हा वेगळी असते. बाप होडीवर असायचा तेव्हा आई मला किनाऱ्यावर उभं करून कुकारा घालायला लावायची, कारण माझा आवाज लांब जायचा.

मला एवढंच करायचं होतं, आणि मी उभा होतो.

मला मरणाची भीती वाटत नव्हती असं मी म्हणणार नाही. पण त्या भीतीच्या शेजारी दुसरी एक उभी होती आणि ती पहिलीपेक्षा इंचभर उंच होती. मी तोंड उघडलं की साताऱ्याचा पाटील तिथंच संपणार होता. कुठले पाटील, याचं खरं उत्तर त्या तिघांच्या कानात कायमचं बसणार होतं, आणि त्या उत्तराला बोंबलाचा वास होता. किती वेळ मी गप्प राहिलो? बिपिनच्या पोटऱ्यांपासून मांड्यांपर्यंत पाणी चढायला जेवढा वेळ लागला तेवढा.

मग बिपिन पडला. उठून त्यानं माझ्या कमरेला मिठी मारली, लहान पोरासारखी, आणि साताऱ्या, साताऱ्या, म्हणत राहिला.

मी कुकारा घातला.

दहा वर्षांत घातला नव्हता. गळा फाटल्यासारखा झाला. आवाज वाऱ्याला कापत गेला, मला तो जाताना कळत होता. म्हातारीनं मान वळवायच्या आधी या तिघांनी वळवली. तिघंही माझ्याकडं बघत होते. कमरेपर्यंत मरण आलेलं असताना मी आधी त्यांच्या नजरा बघितल्या. एवढा मी हलका माणूस होतो.

म्हातारीनं टोपली खाली टाकली. तिनंही कुकारा दिला, छोटा, आले अशा अर्थाचा. खडकामागं तिची होडी होती, एक माणूस आणि दोन टोपल्या मावतील एवढीच. लांब बांबू वाळूत रोवत ती ओघाला तिरकी घालत आली. तिचं वय तेव्हा पासष्टच्या पुढं असेल. ती आमच्याकडं बघत नव्हती, पाण्याकडं बघत होती.

“बायला आदी,” ती म्हणाली.

मृण्मयीला आम्ही चढवलं. मग बिपिनला, तिघांनी मिळून. होडी काठोकाठ बसली. म्हातारीनं मला आणि कौस्तुभला सांगितलं की बाहेरून काठ धरा, पाय सोडा, लोंबकळा, मी नेते. मी धरला. कौस्तुभनं धरला नाही. तो मागं वळला, पाण्यात हात घातला आणि त्याची सायकल वर काढली.

“ता लोखंड टाक,” म्हातारी म्हणाली.

“लोखंड नाही, मावशी. हलकी आहे. आठ किलो फक्त.”

तिनं परत सांगायच्या आत त्यानं ती होडीत लोटली. होडी एका अंगाला कलली, पाणी आत आलं, बिपिन किंचाळून दुसऱ्या अंगाला गेला, आणि ओघानं आम्हाला सगळ्यांना उचलून जाळ्यासाठी रोवलेल्या एका खुंटाकडं फेकलं. होडी आडवी आदळली असती तर फुटली असती. म्हातारीनं बांबू सोडला आणि उजव्या हातानं खुंट धरला. होडीचा काठ तिच्या हातावर आला. ओलं लाकूड चावल्यासारखा आवाज झाला.

“आये,” ती म्हणाली. एवढंच, हळू.

बांबू वाहून गेला होता. ओघ आम्हाला आत ओढत होता. मी होडीच्या नाकाची दोरी खांद्यावरून घेतली आणि पाण्यात झेप घेतली. ओघाच्या विरुद्ध नाही, ओघाबरोबर तिरकं, जसं पोहायचं असतं तसं. पाण्याला विसरता येत नाही. किनाऱ्याची वाळू पायाला लागली तेव्हा दोरीनं खांदा सोलला होता आणि मागून कौस्तुभ काठाला लोंबकळत येत होता. त्याच्या दुसऱ्या हातात सायकलचं चाक होतं. ते त्यानं सोडलं नव्हतं.

कौस्तुभ हा किस्सा अजून सांगतो. क्लबात नवी पोरं आली की सांगतो, पडद्यावर फोटो दाखवून. म्हातारी भांग विकत होती, इथून सुरुवात. पोरं हसतात. मग खाडी अचानक कशी भरली, स्थानिक लोकांनी कसं नीट सांगितलं नाही, साताऱ्याच्या अंगात ऐनवेळी कसं वारं शिरलं, न येणारं पोहणं कसं आलं, जिवाच्या भीतीनं माणूस काय काय करतो. शेवटचा फोटो किनाऱ्यावरचा, ओल्या सायकलीबरोबर. त्या फोटोत म्हातारी नाही. सहा वर्षं मी पहिल्या रांगेत बसून तो किस्सा ऐकला आणि हसायच्या जागी हसलो.

पुढच्याच होळीच्या आधी माझ्या आईनं फोनवर सांगितलं की खाली कुंभळ्याच्या एका म्हातारीची दोन बोटं कामातून गेली, शहरातल्या सायकलवाल्या पोरांपायी. आता तिला कालवं काढता येत नाहीत, सुनेच्या हाताखाली भांडी घासते. आईनं त्या पोरांच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. मी सगळ्या ऐकून घेतल्या आणि म्हणालो, असतात गं अशी माणसं.

कौस्तुभचा किस्सा फोटोपाशी संपतो. त्यानंतर असं झालं.

मृण्मयीनं म्हातारीच्या हाताला फळकुटं लावून रुमालानं बांधलं. ती रडत होती, सारखी सॉरी म्हणत होती. मग कौस्तुभ आणि ती वर गावात रिक्षा बघायला गेले, बिपिन खडकाआड जाऊन ओकत होता, आणि होडीपाशी आम्ही दोघंच राहिलो. म्हातारीचं तोंड राखेसारखं झालं होतं. ती माझ्याकडं बघत होती.

“कुनाचा रं तू?”

बापाचं नाव सांगितलं असतं तरी पुरलं असतं. आमची वाडी तिथून पाऊण दिवसाच्या वाटेवर. काल ज्या बोंबलांच्या मांडवांमधून मी डोळ्यांपर्यंत रुमाल ओढून पळालो, त्यांतला तिसरा मांडव आमचा. त्याच्याखाली आई बसलेली होती. मी तिला बघितलं होतं. सायकलींची घंटी ऐकून तिनं मान वर केली होती.

“साताऱ्याकडचा,” मी म्हणालो.

“साताऱ्याला कुकारा घालतान?”

मी होडीतलं पाणी ओंजळीनं उपसायला लागलो.

“मी विचारला, कल्ला का. तू बोल्लास, कल्ला.” तिचा आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. “बाकीची नाय बोल्ली. तू बोल्लास. म्हनून मी गप रायले.”

“भांग म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, मावशी.”

शुद्ध बोललो. एकही अक्षर इकडचं तिकडं होऊ दिलं नाही.

मग तिनं मान हलवली, सकाळी हलवली होती तशीच.

“मंग परका हायेस,” ती म्हणाली. “परक्याला काय कलनार.”

पाणी होडीला उचलायला लागलं होतं. ती उठली, दोरी डाव्या हातात घेतली आणि खडकातल्या कडीला बांधायला गेली. एका हातानं बांधता येईना. दोनदा निसटली. मी पुढं झालो, तिच्या हातातून दोरी घेतली आणि बांधली. एक वेढा, खालून आत, उलटा फास, टोक मागं. डोकं दुसरीकडं होतं, हातांनी आपलं आपण केलं. बांधून झाल्यावर मला ती गाठ दिसली. बापाची गाठ. पाणी चढेल तशी आवळत जाणारी, आणि टोक ओढलं की एका झटक्यात सुटणारी.

म्हातारी खाली वाकली. डाव्या हाताच्या बोटानं तिनं गाठ चाचपली, वरून, मग खालून. मग माझ्याकडं बघितलं.

“साताऱ्याला गाठ बरी मारतान,” ती म्हणाली.

टोपली तिथंच ठेवून, हात पोटाशी धरून ती चढणीला लागली. मी तिच्या पाठीकडं बघत उभा होतो. वरून कौस्तुभनं हाक मारली की रिक्षा मिळाली, चल, साताऱ्या.

मी ओ दिली.